वाटी पुढे केलेली बाई

मी व्यवसायाने क्वांटिटी सर्व्हेयर आहे. इमारतीला किती विटा, किती सळई, किती काँक्रीट लागेल ते मोजून लिहायचं, हे माझं एकोणतीस वर्षांचं काम. आमच्या कामात ‘अंदाजे’ हा शब्द लिहिला तर कागद परत येतो. म्हणून या सदरातले लोकांचे अनुभव मी आजवर फक्त वाचत आलो आणि बहुतेक वेळा मनात म्हणालो, की यांनी त्याच वेळी लिहून ठेवलं असतं तर यातलं निम्मं गळून पडलं असतं. माझ्या बाबतीत मी त्याच वेळी लिहून ठेवलं होतं... आणि तीच माझी अडचण आहे.

आम्ही बहरीनला, मनामात राहतो. मी, पत्नी शैला आणि मुलगी रेवा, जी तेव्हा ईसा टाउनच्या शाळेत अकरावीत होती. गाव सातारा जिल्ह्यात. वडील गेल्यानंतर आईला मी इकडे आणलं. गावी थोरला भाऊ आहे, त्याला आम्ही दादा म्हणतो. आईची तिकडे आबाळ होत होती असं अजिबात नाही. पण त्या घरात वडिलांची खुर्ची दिसली की ती ताटावरून उठायची, म्हणून दादाच म्हणाला, “थोडे महिने तुझ्याकडं ने.”

आईला काचबिंदू. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, डाव्याने उजेड-अंधार तेवढा कळायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आली तेव्हा आईचं वजन ४८.६ किलो होतं. मी दर शनिवारी सकाळी वजन करून साइट डायरीच्या मागच्या पानांवर लिहायचो. चार महिन्यांत ते ४१.९ वर आलं. ती जेवतच नव्हती. दोन घास खायची आणि “झालं रं माझं” म्हणून हात धुवायची. सगळ्या तपासण्या केल्या. पोट, रक्त, थायरॉइड, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की असंच चाललं तर महिन्याभरात ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि या वयात ते झेपेलच याची खात्री नाही.

शैलाने एकदा विचारलं, “आई, तुम्हाला काय खावंसं वाटतं ते तरी सांगा. हवं ते इथे मिळतं.”

आई म्हणाली, “खावंसं वाटाया काय न्हाई गं. पर नैवेद्य कुणाला दावायचा? तुमच्या देव्हाऱ्यात टाक न्हाईत. फोटूला दावलेला नैवेद्य फोटूच खातो.”

टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली कुळाच्या देवाची प्रतिमा. आमचे टाक परंपरेप्रमाणे थोरल्याकडे, म्हणजे दादाकडे आहेत. धाकट्याने वेगळं घर केल्यावर आपले नवे करून घ्यायचे असतात. मी एकोणीस वर्षांत ते केलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत करू, असं म्हणत राहिलो.

एका शनिवारी सकाळी सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात गेलो होतो. आईसाठी पितळेची लहान घंटा हवी होती. आतल्या गल्लीत एका म्हाताऱ्या बहरिनी गृहस्थाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. कॉफीच्या सुरया, कंदील, गलबतांवरच्या घंटा असं काय काय. मी घंटा निवडली. ती ज्या डब्यात होती त्याच्या तळाशी एक हिरवट, खरबरीत चकती पडलेली होती. त्याने तीही पुडीत टाकली. मी म्हटलं, ही नको. तो हसून ‘घ्या, घ्या’ अशी खूण करत म्हणाला, “खुज, खुज. ओल्ड. रूमी. फॉर युवर हाऊस.”

घरी आल्यावर आईने पुडी चाचपली. घंटा बाजूला ठेवली. चकती हातात घेतली आणि अंगठा फिरवत राहिली... बराच वेळ. मग तिचा चेहरा असा झाला, जसा मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

“दत्ता, टाक आणलास व्हय रं?”

इथे मला सांगायला हवं होतं की नाही, ही भंगारातली चकती आहे. मी सांगितलं नाही. गप्प राहिलो, आणि माझ्या हिशेबाने ते खोटं बोलणंच झालं.

रेवाने चकती उजेडात धरून पाहिली. एका बाजूला पुटं जरा पातळ होती, तिथे दाढीवाल्या माणसाचं डोकं पुसट दिसत होतं. “आजी, इट्स जस्ट अ कॉइन. देअर्स अ मॅन ऑन इट.”

“त्यो खाली राहू दे,” आई म्हणाली. “बाई वर ठेव.”

दुसऱ्या बाजूला बाई नव्हती. काहीच नव्हतं. दगडासारखं घट्ट, तपकिरी-हिरवं कवच होतं, सबंध बाजूभर. मी नखाने खरवडून पाहिलं, टोकही निघालं नाही.

त्या दिवशी दुपारी आईने स्वतः चकतीला पंचामृत घातलं, हळद-कुंकू वाहिलं, भाताची मूद आणि वरण वाटीत ठेवून नैवेद्य दाखवला. आणि नैवेद्याचं ताट घेऊन बसली ती पूर्ण जेवून उठली. शैला स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी डायरी काढून तारीख घातली आणि चकतीची जाडी मोजून लिहिली.

दहा आठवड्यांत वजन ४४.८ झालं. रोज सव्वाबाराला नैवेद्य, मग जेवण. आई रेवाला चिडवायला लागली. “तुझ्या त्या नूडल्या मागं सरकव, देवी म्हणंल गांडुळं वाढली.” रेवा इंग्रजीत उत्तर द्यायची, आई मराठीत, आणि दोघींचं छान चालायचं.

एका शुक्रवारी दुपारी मी घरी होतो. सहज विचारलं, “आई, देवी दिसते कशी गं?” खरं सांगायचं तर सहज नव्हतं. मला वाटत होतं ती गावाकडच्या टाकाचं वर्णन करील आणि माझ्या मनाचं समाधान होईल. डायरी मांडीवर होती. ती बोलली तसं लिहिलं. ते पान अजून आहे.

“उभी हाय. तोंड डावीकडं. उजवा हात फुडं केलाय, हातात वाटी. म्होरं तुळशीच्या वृंदावनावानी काय तरी हाय, त्यातनं नाग वर आलाय. डाव्या हातात उंच काठी. डाव्या पायाला लागलंय तिच्या... पावलावर घाव हाय, तिरका. आन् वाटी रिकामी हाय रं.”

मी दादाला फोन करून घरच्या टाकांचे फोटो मागवले. पाच टाक. देवीचा टाक चतुर्भुज, हातात तलवार आणि ढाल. वाटी नाही, वृंदावन नाही, नाग नाही. पायावर घाव तर नाहीच.

मग मी डोळे मिटून त्या कवचावरून बोट फिरवलं. रेवाला फिरवायला लावलं, शैलाला लावलं. तिघांनाही खडबडीत खडा लागला, बाकी काही नाही. फोनवर फोटो काढून ठेवला, त्याच दिवशी.

आमच्या खालच्या मजल्यावर इनासभाऊ राहतात. वसईचे, इथे एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. फावल्या वेळात जुनी नाणी जमवतात आणि साफ करतात. त्यांना फोटो दाखवला, दुकानदाराचा ‘रूमी’ शब्द सांगितला, तर ते खुर्चीत सरळच झाले.

“दत्ताभाऊ, रूमी म्हणजे रोमन. हे रोमन ब्राँझ दिसतंय! हा दाढीवाला बादशहा... अठराशे वर्षांच्या आसपासचं असेल. आणि तुम्ही त्याला रोज दही-दूध घालताय?”

“आई घालते. टाक समजून.”

“अरे देवा!” असं म्हणून ते हसले आणि मग एकदम गंभीर झाले. “दूध-दह्याने ब्राँझला रोग लागतो, माहिती आहे का? हिरवी भुकटी पडते आणि नाणं आतून खाल्लं जातं. दोन पावसाळे... इथे पावसाळा कुठला म्हणा... दोन वर्षांत भुगा होईल.”

आता माझी पंचाईत पाहा. नाणं तसंच ठेवलं तर ते संपणार. साफ करायला दिलं तर आईला सांगावं लागणार, की हा टाक नाही. आणि टाक नाही म्हटल्यावर ती पुन्हा जेवायची थांबली तर? मी मध्यम मार्ग काढला. माझ्यासारख्या माणसाने काढू नये असा.

साइटवरून तांब्याच्या पट्टीचा तुकडा आणला. कानशीने घासून गोल केला. व्हिनेगर-मिठात ठेवून हिरवा केला, वर बारीक वाळू आणि अराल्डाइटचा थर दिला. मूळ नाणं कवचासकट १२.६ ग्रॅम होतं, माझी नक्कल १२.४ झाली. व्यास सारखा. जाडी सारखी. इनासभाऊ म्हणाले एक-दोन दिवसांचं काम आहे. मी आई आंघोळीला गेल्यावर अदलाबदल केली आणि नाणं खाली त्यांच्याकडे दिलं.

सव्वाबाराला आईने नक्कल हातात घेतली. अंगठा फिरवला. हळद-कुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. ताटावर बसली आणि पाणी पिऊन उठली.

“का गं आई?”

“भूक न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शैलाने घास भरवायचा प्रयत्न केला तेव्हा आईने तिचा हात धरला. “पोरी, आपल्या घरात आलेली बाई उपाशी असंल तर तू जेवशील? दत्ताला इचार, तिला कुठं धाडलंय.”

शैलाने मला स्वयंपाकघरात गाठलं. “अहो, पुरे झाली तुमची मापं! ते नाणं घेऊन या आधी.”

मी खाली धावलो. इनासभाऊंनी नाणं शुद्ध पाण्यात टाकलेलं. कवच दगडी निघालं होतं, दोन दिवसांचं काम नव्हतं. “आता काढलं तर अर्धं ओलं राहील, हवा लागून रोग पसरेल. आठवडाभर तरी द्या मला. मी रजा टाकतो, दत्ताभाऊ, पण अर्धवट नेऊ नका.” त्यांनी खरंच रजा टाकली. पण मी त्यांना आई जेवत नाही हे सांगितलं नव्हतं. लाज वाटली. ती माझी दुसरी चूक.

नवव्या दिवशी आईला क्लिनिकमध्ये सलाइन लावावं लागलं. वजन ४२.९. हात इतका बारीक झाला होता की नर्सला शीर सापडायला चार वेळा सुई टोचावी लागली. मी शेजारी बसून होतो आणि आई माझ्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या दुपारी मी इनासभाऊंना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंत.” आणि मायक्रोस्कोपवर बसले ते दोन दिवस जवळजवळ उठले नाहीत. खजुरीच्या काट्याने कवच उचकटत होते, कारण लोखंडाची सुई धातूला ओरखडते.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “या खाली. आणि तुमची ती डायरी आणा. तुम्ही म्हणाला होतात ना, आईंचं बोलणं लिहिलंय?”

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. उभी बाई. तोंड डावीकडे. उजवा हात पुढे, हातात पसरट वाटी. समोर चौकोनी छोटी वेदी, आणि खरोखर, पहिल्या नजरेला तुळशीवृंदावनच. त्यातून नाग वळसे घेत वर आलेला, तोंड वाटीपाशी. डाव्या हातात उंच दंड. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या अशा की ओचा खोचल्यासारखा वाटावा.

“ही सालुस,” इनासभाऊ म्हणाले. “रोमन लोकांची आरोग्याची देवी. नागाला खाऊ घालतेय. तशी ही नाण्यांवर बऱ्याचदा सापडते, त्यात नवल नाही. नवल हे बघा.” त्यांनी भिंग सरकवलं.

डाव्या पावलावर एक घाव होता. तिरका, साधारण तीन मिलिमीटर. छापातला नव्हे, नंतर कुणीतरी छिन्नीसारख्या हत्याराने मारलेला. आणि घावाच्या आत तोच जुना, गुळगुळीत हिरवा थर होता जो बाकी नाण्यावर होता. म्हणजे घाव आधीचा, कवच नंतरचं.

“असा घाव कुठल्याही पुस्तकात नसतो, दत्ताभाऊ. हा फक्त या एका नाण्यावर आहे. आणि परवापर्यंत तो दीड मिलिमीटर दगडाखाली होता.”

 मी नाणं वजनकाट्यावर ठेवलं, १०.३ ग्रॅम. खात्रीसाठी तीनदा ठेवलं.

वर आलो. आई पलंगावर उशाला टेकून बसली होती. मी नाणं तिच्या हातात दिलं आणि खाली फरशीवर बसलो. सगळं सांगितलं. हा टाक नाही, कधीच नव्हता. परक्या देशाचं नाणं आहे, मी गप्प बसलो, मग नक्कल करून तुला फसवलं. 

आई अंगठा फिरवत होती.

“ती आपली न्हाई हे मला पयल्या दिवशीच कळलं हुतं की रं.”

“मग?”

“आपली असती तर आपल्याकडनं मागितलं असतं. हिनं काय मागितलं न्हाई. हिच्याच हातात वाटी. दुसऱ्याला भरवत उभी, आन् वाटीत काय न्हाई. पायाला लागलेलं. लांबनं आलेली, एकटी. तिची बोली बोलणारं हितं कोण न्हाई. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. मी पण तशीच आलेय.” मग शैलाकडे वळून म्हणाली, “वरण हाय का गं? पातळ कर. बाईला अकरा दिस झाले.”

तिने अकरा म्हटलं. दिवस तिने मोजले होते की नाही मला माहीत नाही. मी मोजले होते.

त्या दुपारी आई अर्धी मूद जेवली. दुसऱ्या दिवशी पूर्ण. पंचामृत मात्र बंद केलं, इनासभाऊंनी मेणाचा पातळ थर दिला आणि आईला समजावलं की हिला दूध सोसत नाही. आईला ते लगेच पटलं. “आमच्या मोठ्या जावेला बी सोसत नव्हतं.”

आता माझा ताळा. स्पर्शाने कळलं म्हणावं तर कवचावर काही उमटलेलं नव्हतं. वर्णनाच्या दिवशीचा फोटो आहे, त्यात कवच अखंड आहे. पंचामृताने झिजलं म्हणावं तर साफ करायच्या आधीची जाडी आणि पहिल्या दिवशीची जाडी एकच, ३.९ मिलिमीटर. कुणी सांगितलं म्हणावं तर सांगणाऱ्याला तरी कसं ठाऊक असणार? घरच्या टाकाची आठवण म्हणावी तर टाक वेगळा. वाटी, नाग, काठी हे एकवेळ योगायोगात बसवता येईल. मी प्रयत्न केला. पण पावलावरचा घाव कशातच बसत नाही. नक्कल तिने कशी ओळखली, हा प्रश्न मी मोजतही नाही, कारण माझ्या हातची कारागिरी कच्ची असू शकते.

पुढे आई दोन वर्षं आमच्याकडे राहिली. परत जाताना वजन ४७.१ होतं. नाणं तिने नेलं नाही. “ती हितंच बरी. तिला परत परत गाव बदलाया लावू नका. सव्वाबाराला तेवढं वाढा.” मी होकार दिला. शैला वाढते, शुक्रवार-शनिवार इथे सुट्टी, तेव्हा मी वाढतो. नमस्कार करतो असं म्हणणार नाही. वाढतो.

गेल्या मार्गशीर्षात एका शुक्रवारी मी आईला फोन केला. दादाने सांगितलं होतं की दोन दिवस ताप आहे, पण बोलते आहे. आवाज बारीक होता, पण स्पष्ट.

“तिला वाढलंस का?”

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. म्हटलं, “अजून नाही. शैला वरण गरम करतेय.”

“मग आदी वाढ जा. मी कुठं पळाले? मग बोलू.”

फोन ठेवला, बारा एकवीस. वाटीत वरण-भात घेतला, नाण्यापुढे ठेवला, पाणी फिरवलं. परत फोन लावला, बारा एकोणतीस. फोन दादाने उचलला. “आई गेली,” एवढंच तो म्हणाला.

डायरीतलं ते पान माझ्यासमोर आहे. आईच्या वर्णनातल्या प्रत्येक बाबीपुढे मी लाल शाईने पडताळणीची खूण केली आहे. उभी, तोंड डावीकडे, उजव्या हातात वाटी, वृंदावन, नाग, काठी, पावलावर घाव. फक्त शेवटच्या बाबीपुढे खूण नाही. ‘वाटी रिकामी.’ नाण्यावर ती वाटी जेमतेम दोन मिलिमीटरची आहे. तिच्यात काही आहे की नाही हे मायक्रोस्कोपखालीही सांगता येत नाही. इनासभाऊंनीही पाहिलं, त्यांनाही नाही सांगता आलं. आईला कसं दिसलं, मला माहीत नाही. तिथे मी ‘पडताळता आले नाही’ असं लिहून सही केली आहे.

आज शुक्रवार. बारा वाजून गेलेत. वरण गरम करायला ठेवलंय.